बागेचे पाणी कुठे जाते?

मे महिना अर्धा सरला की मुंबईत नालेसफाईची चर्चा सुरू होते. गाळ किती निघाला, कंत्राटदाराने किती दाखवला आणि पालिकेने किती मानला, यावर दरवर्षी तेच वाद होतात. मग पाऊस येतो, हिंदमाताला पाणी तुंबते, वर्तमानपत्रांत गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्या माणसांची छायाचित्रे येतात आणि ऑगस्टअखेर सारे विसरून आपण गणपतीच्या तयारीला लागतो.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. पावसाचे पाणी म्हणजे घरात घुसलेला आगंतुक, त्याला एकदा समुद्राकडे पिटाळले की आपण सुटलो. समुद्राच्या पदरात त्या पाण्याबरोबर काय पडले, हे कोणी विचारत नाही. समुद्र मोठा आहे, तो सगळे पोटात घालतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तो सगळे पोटात घालत नाही. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून तो आपल्या पिशव्या, बाटल्या आणि चपला आपल्या अंगावर परत फेकतो. जे डोळ्यांना दिसत नाही, ते मात्र त्याच्याकडेच राहते.

हा विषय आज काढण्याचे कारण एक बाग आहे. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीसाठी खुला झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच्या कडेने समुद्राला लागून फिरण्याची वाटही लोकांसाठी उघडली. या मार्गासाठी समुद्रात भर घालून जी जमीन केली, तिच्यातील सुमारे ७० हेक्टर जागा बागा आणि मोकळी मैदाने यांसाठी राखल्याचे सांगितले गेले आहे. ७० हेक्टर म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे एकर. ज्या शहरात माणसाला पाय मोकळे करायला गल्ली उरलेली नाही, तिथे ही केवढी चैन! ही बाग कोणी करायची, कोणाच्या पैशाने करायची, तिथे कारंजी हवीत की सायकलींसाठी वाट, यावर पुष्कळ बोलून झाले आहे. मला विचारायचा आहे तो प्रश्न साधा आहे, कदाचित गद्यही वाटेल. या बागेवर पडणारे पाणी आणि तिच्या शेजारच्या रस्त्याचे पाणी कुठे जाणार, आणि जाताना काय घेऊन जाणार?

मी आयुष्यभर बँकेत आकडे मोजले, त्यामुळे प्रथम हिशेब. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर. ७० हेक्टरांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईला तो काही नवा नाही, तर सात कोटी लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर सात हजार टँकर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईवर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हिशेबाने नुसत्या या नव्या हिरव्या जमिनीवर वर्षाला १४० कोटी लिटर पाणी पडणार. त्याच्या शेजारी रस्त्याच्या आठ मार्गिकांचे डांबर आहेच.

आता या पाण्यात काय असते ते पाहू. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठ महिने रस्त्यावर जे साचते, ते पहिल्या एकदोन सरींत धुऊन निघते. गाड्यांतून ठिबकलेले तेल, ब्रेक झिजून पडलेली धातूंची पूड, टायरांची काळी भुकटी, कुत्र्या-कबुतरांची विष्ठा, पानाच्या पिचकाऱ्या, प्लास्टिकचे बारीक तुकडे. आपण मृद्गंध हुंगत खिडकीत उभे असतो, त्याच वेळी हा काळा अर्क गटारांतून किनाऱ्यावर उतरत असतो. पुढच्या धुवाधार पावसाचे पाणी त्या मानाने बरेच स्वच्छ असते. खरा घात पहिल्या पाण्याचा.

आणि ते उतरते कुठे? वरळी आणि हाजी अलीचे खडक ओहोटीच्या वेळी उघडे पडतात, ते दुरून नुसते काळे आणि शेवाळलेले दिसतात. पण जरा वाकून पाहिले तर त्यांच्या खळग्यांत एक वेगळीच मुंबई नांदत असते. पाकळ्या मिटून बसलेली समुद्रफुले, शंखात घर केलेले खेकडे, कालवे, रंगीबेरंगी समुद्री गोगलगाई, क्वचित एखादा ऑक्टोपस, आणि प्रवाळसुद्धा. मुंबईत प्रवाळ आहे हे पुष्कळांना खरे वाटत नाही. २०१७ पासून काही तरुण अभ्यासक लोकांना ओहोटीच्या वेळी हे जग दाखवायला नेऊ लागले, तेव्हा कुठे अनेक जन्मजात मुंबईकरांना आपल्या दारात काय आहे ते कळले. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना अर्थातच ते आधीपासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

याच प्रवाळाची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. सागरी मार्गाचे काम चालू असताना वरळी आणि हाजी अली इथे प्रवाळाच्या १८ वसाहती कामाच्या आड येत असल्याचे आढळले. सगळ्या मिळून त्यांची जागा अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी, म्हणजे जेवायच्या जेमतेम दोन पाटांएवढी. पण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघासारखेच पहिल्या परिशिष्टात स्थान दिलेले आहे. त्यामुळे परवानगी घेऊन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने, २०२० साली ते खडकासकट उचलले गेले आणि काही हाजी अलीपाशीच, तर काही कुलाब्याच्या नेव्हीनगरला नेऊन बसवले गेले. कायद्याने आपले काम केले. परंतु कायदा प्रवाळाला उचलून नेऊ शकतो, त्याच्यावर येणारे पाणी स्वच्छ करू शकत नाही. गढूळ पाणी आले की प्रवाळावर गाळाचा थर बसतो, उजेड मिळत नाही आणि तो गुदमरतो. हे काम कायद्याच्या कलमाने होत नाही, ते किनाऱ्यावरच्या मातीने होते.

मातीवरून आठवले. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या आणि त्या आखणीत एक समंजस गृहीतक होते. पडलेल्या पावसातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, उरलेले निम्मे वाहिन्यांत येईल. पुढे १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा अहवाल आला आणि त्यात ताशी ५० मिलिमीटर पावसाची तयारी करायला सांगितले. सोबत दुसरीही एक दुरुस्ती होती. आता सगळेच पाणी वाहून येईल असे धरा, जमिनीत काही मुरेल ही आशा सोडा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यावर त्या अहवालाची सर्वांना आठवण झाली. वाहिन्या रुंद करायलाच हव्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दुसऱ्या दुरुस्तीचा अर्थ मला अधिक अस्वस्थ करतो. एका शहराने आपल्या जमिनीच्या नावासमोर ‘मुरणारे पाणी : शून्य’ असे लिहून ठेवले. बँकेत अशा खात्याला आम्ही बुडीत म्हणत असू.

नवी बाग हे खाते थोडे तरी जिवंत करू शकते. मात्र बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते आधी पुसावे लागेल. आपल्याकडे किनाऱ्याचे ‘सुशोभीकरण’ म्हणजे पेव्हर ब्लॉक, ग्रॅनाइटची बाके, रंगीत दिवे आणि मध्ये गालिच्यासारखी हिरवळ. हिरवळ दिसते हिरवी, म्हणून ती निसर्गाच्या बाजूची असेल असे वाटते. भरावाच्या, रोलर फिरवून दाबलेल्या जमिनीवर चार इंच माती टाकून लावलेली हिरवळ पाणी फारसे मुरू देत नाही. उताराने ते निघून जाते आणि जाताना तिला घातलेले रासायनिक खत व कीटकनाशक घेऊन जाते. खत समुद्रात गेले की शेवाळे माजते. ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. उन्हाळ्यात याच हिरवळीला रोज पाणी पाजावे लागते ते वेगळेच.

मग करायचे काय? उत्तरासाठी फार लांब जायला नको. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या मागच्या दाराला जा. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी तिथे अंगणभर पसरत नसे. एका उथळ चरातून ते केळी, अळू आणि कर्दळीच्या खाचरात सोडलेले असे. पाणी तिथे थबके, जिरे, आणि विहिरीकडे गढूळ थेंब जात नसे. अळवाची पाने मिळत ती वरकड कमाई. आपल्या आज्यांनी हे कुठल्या महाविद्यालयात शिकले नव्हते. पुढे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सरकारने खेडोपाडी शोषखड्डे खणायला लावले, तेही याच शहाणपणातून. खेड्यातल्या माणसाला जे सांगितले जाते, ते मुंबईला सांगायला काय हरकत आहे?

आजचे अभियंते याच गोष्टीला थोडे शास्त्रशुद्ध रूप देतात. रस्ता किंवा फरसबंदी आणि समुद्र यांच्यामध्ये खोलगट वाफे करायचे. वर पालापाचोळ्याचा थर, खाली वाळू आणि बेताचे कंपोस्ट, त्याखाली खडी आणि भोके पाडलेला नळ. पाणी वाफ्यात थांबते, हळूहळू खाली उतरते. गाळ वरच अडतो, धातू मातीला चिकटून राहतात, तेल सूक्ष्मजीव खातात, आणि नळातून समुद्राकडे जाते ते गाळलेले पाणी. भरावाच्या जमिनीत भरतीला खालून खारे पाणी चढते, म्हणून सगळे मुरेल अशी अपेक्षा ठेवायची नाही. गाळून सोडले तरी पुरे. जेवढी पक्की जमीन, तिच्या साधारण पाच ते दहा टक्के जागा अशा वाफ्यांना लागते. आणि लावायचे काय? वाळा, कर्दळ, केवडा, उंडी, भेंड, करंज. वाळूत पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल तर हवीच. आपली किनाऱ्याची झाडे खारा वारा सोसतात आणि खत मागत नाहीत.

हे सगळे कागदावरचे आहे असे कोणाला वाटेल, म्हणून एका शहराचे उदाहरण देतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये संगणकाच्या नोकऱ्यांमुळे आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. आपल्या ओळखीतले कोणी ना कोणी तिथे असतेच. त्या शहराच्या किनाऱ्यावरही समुद्राचे दर्शन अडवणारा दुमजली महामार्ग होता. २००१ च्या भूकंपात त्याला तडे गेले. पुढे वाहतूक बोगद्यातून नेली आणि २०१९ साली तो महामार्ग पाडून टाकला. तिथे सलग किनारी उद्यान उभे राहिले, ते २०२५ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी समुद्राची जुनी भिंत नव्याने बांधताना शहराने माशांचा विचार केला. सॅल्मनची पिल्ले किनाऱ्याच्या कडेकडेने प्रवास करतात आणि सावलीला बिचकतात. म्हणून पदपथात काचेचे ठोकळे बसवले, खाली उजेड पोचावा यासाठी. भिंत गुळगुळीत न ठेवता खडबडीत, खाचाखोचांची केली, शैवाल आणि शिंपल्यांना धरायला जागा हवी म्हणून. भिंतीचे हे काम २०१७ साली पुरे झाले. वर लोक फिरतात, खाली मासे.

त्याच भागातल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक कोडे सोडवले. पाऊस पडला की शहरातल्या ओढ्यांत परतलेले कोहो जातीचे सॅल्मन अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. वर्षानुवर्षे कारण सापडेना. २०२० च्या अखेरीस ते सापडले. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात घातलेले एक रसायन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून विषारी होते आणि पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात जाते. आणि याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्याही आधी प्रयोगाने दिसली होती. रस्त्याचे तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून गाळून माशांना दिले, तेव्हा ते जगले. आपल्या रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचे कूळ निराळे. मासा निराळा आहे खरा, टायर मात्र तोच आहे.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, मुंबईचे सांडपाणी समुद्रात जाते तोच केवढा मोठा प्रश्न, तिथे बागेचे वाफे काय करणार? आक्षेप खरा आहे. त्यासाठी वरळी, धारावी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दररोज २४६ कोटी लिटर क्षमतेची मलजल प्रक्रिया केंद्रे हाती घेतलेली आहेत. पण ती केंद्रे नळातून येणाऱ्या मैल्यासाठी आहेत. रस्त्यावरून थेट उतरणारे पाणी त्यांच्या वाटेला जात नाही. मोठे कर्ज फिटेपर्यंत छोटे फेडायचेच नाही, असे कोणी सांगू लागला तर आपण त्याला शहाणा म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, मुंबईच्या पावसापुढे वाफे टिकतील का? ९४४ मिलिमीटर गाळायचे नाहीतच. मोठा पाऊस वरून निघून जाण्याची वाट ठेवायची आणि प्रत्येक पावसाचे पहिले २० मिलिमीटर तेवढे गाळायचे. ७० हेक्टरांवर ते होतात एक कोटी चाळीस लाख लिटर. घाण असते ती बहुतेक त्यातच.

तिसरा आक्षेप मला अधिक मनाला लागणारा आहे. बाग माणसांसाठी असते, दमलेल्या माणसाला बसायला मऊ हिरवळ नको का? हवी. मुले लोळतील अशी हिरवळ अवश्य असावी. पण ती मधल्या भागात असावी, आणि समुद्राकडची व रस्त्याकडची कड पाणी गाळणाऱ्या झाडांची असावी. धोतराला काठ असतो, तसा बागेलाही असावा.

माझी नोकरीची काही वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या शाखेत गेली. यांत्रिक होड्यांसाठी कर्जे आम्ही देत होतो. परतफेडीचा तक्ता करताना पावसाळ्याचे महिने कोरे सोडावे लागत. एका वयस्कर तांडेलाला मी विचारले होते, ‘काका, या दिवसांत अजिबातच उत्पन्न नाही?’ तो म्हणाला, ‘सायब, ह्या दिवसांत दर्याचं घर भरतं. आपण दार नाय वाजवायचं.’ आजही जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच होड्या लोटतो. विचित्र योग असा, की ज्या दोन महिन्यांत आपण कोळ्याला सांगतो ‘समुद्राला त्रास देऊ नकोस’, त्याच दोन महिन्यांत शहर आपली आठ महिन्यांची घाण त्या समुद्रात ओतते. एकाला कायदा आणि दुसऱ्याला मोकळीक, हा न्याय मला पटत नाही. याच सागरी मार्गाच्या पुलाखालून होड्या नीट जाव्यात म्हणून वरळीच्या कोळ्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा कुठे दोन खांबांमधले अंतर ६० मीटरचे १२० मीटर झाले. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हा त्यातला धडा.

म्हणून नागरिकांनी काय मागावे ते स्पष्ट लिहितो. बागेच्या आराखड्यात पाण्याचा नकाशा असावा, कुठून येते, कुठे थांबते, कुठून समुद्रात उतरते. किनाऱ्याच्या कडेला रासायनिक खत व कीटकनाशक वापरू नये. वाफ्यांचा वरचा थर काही वर्षांनी बदलावा लागतो, त्याची तरतूद आजच देखभालीच्या करारात असावी. आणि प्रत्येक पावसाळ्याच्या आरंभी समुद्रात उतरणारे पाणी तपासून त्याचे आकडे बागेच्या फाटकावर फलकावर लावावेत, शाळेतल्या मुलालाही वाचता येतील असे. कर्ज देताना अट मंजुरीच्या कागदावर घालायची असते. पैसे उचलले गेल्यावर घातलेली अट कोणी पाळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. फरशी बसल्यावर ती उखडून वाफे करा असे सांगणेही तसेच.

ही गोष्ट एकट्या मुंबईचीही नाही. जुहू, कार्टर रोड, अलिबाग, दापोली, रत्नागिरी, जिथे जिथे किनारा आहे तिथे तिथे सुशोभीकरणाचे बेत चालू आहेत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रत्येक ठिकाणी पेव्हर ब्लॉकची पहिली गाडी येण्याआधी कोणीतरी हा प्रश्न विचारला, तर फार खर्च न होता पुष्कळ काही वाचेल.

मर्यादवेलीला ते नाव का पडले असावे, याचा मी अनेकदा विचार करतो. भरतीचे पाणी जिथे थांबते, तिथून ती सुरू होते. समुद्राने किती वर यावे, याची ती खूण, असे आपण समजतो. समुद्राने ती मर्यादा बहुधा पाळली. आपण किती खाली उतरावे, आणि उतरताना हातात काय न्यावे, याचीही ती खूण आहे. वरळीच्या नव्या बागेच्या कडेला ती वेल लावली गेली आणि तिच्या मुळांतून पाणी गाळून खाली गेले, तर खडकाच्या खळग्यातल्या त्या दुसऱ्या मुंबईला पुढचा पावसाळा थोडा सुसह्य जाईल.